कन्सेप्टाचं सिंक आणि किलाड्रमचा संघ

कन्सेप्टा टूहीला एवढंच हवं होतं की भांडी घासताना गल्लीतून कोण येतंय ते दिसावं. तिचं सिंक एकतीस वर्षं आतल्या भिंतीला होतं आणि एकतीस वर्षं भांडी घासताना तिनं त्या भिंतीवरचा एकच पोपडा पाहिला होता. पोपड्याबद्दल तिची तक्रार नव्हती, बाई सोसणारी होती. पण या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी तिच्या घरी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, होती.

आयर्लंडमधल्या किलाड्रम गावाच्या या भागातल्या तेरा घरांत मिस्सेचा मान आळीपाळीनं फिरतो. वर्षाला एक घर. फादर येतात, शेजारपाजार येतो, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा होते, मग चहा, हॅम आणि सफरचंदाचा टार्ट. या सगळ्यात ओठ प्रार्थना म्हणत असतात आणि प्रत्येक बाईचे डोळे छतापासून फरशीपर्यंत एक शांत फेरी मारून येतात. किलाड्रममधली घरं चुन्या-विटांवर उभी नाहीत, मिस्सेच्या धाकावर उभी आहेत, असं म्हणतात ते उगाच नाही. आलेला मान पार पाडला की पुढं तेरा वर्षं निवांत, आणि फसला की तीच तेरा वर्षं त्याची चर्चा.

"नुसतं सिंक खिडकीखाली सरकवायचं," ती मे महिन्यात नवऱ्याला म्हणाली.

फिन्टन टूही दूध डेअरीत कामाला. भला माणूस, 'नुसतं' या शब्दावर विश्वास ठेवणारा. त्यानं प्लंबर डिनी स्कलीला बोलावलं. डिनीनं खाली वाकून पाइप पाहिला, शीळ घातली, आणि म्हणाला की सिंक सरकेल, पण पाइप फरशीखालून न्यावा लागेल. फरशी उकरायची तर कपाटं हलवावी लागतील, म्हणून सुतार मॅलकी ब्रीनला बोलावलं. मॅलकीनं कपाटाला हात लावला आणि एक फळी त्याच्या हातात आली. फळी त्यानं टेबलावर अशी ठेवली, जसा डॉक्टर रिपोर्ट ठेवतो. कुंपणापलीकडून फिलोमिना गेराटीनं सल्ला दिला, "अगं, फरशी उकरतेच आहेस तर छत का सोडतेस? माझ्या मिस्सेच्या वेळी मी छतही केलं होतं. अर्थात, प्रत्येकीला झेपतंच असं नाही." या शेवटच्या वाक्यानं छत घालवलं.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. किलाड्रमचे सगळे कारागीर तेच, जे किलाड्रमच्या हर्लिंग संघात आहेत. हर्लिंग म्हणजे 'हर्ली' नावाच्या चपट्या काठीनं चेंडू मारायचा आयरिश खेळ. नळ गळला तर फॉरवर्डला बोलवावं लागतं, दार अडकलं तर फुलबॅकला, आणि भिंतीला गिलावा करायचा तर गोलकीपर रिकामा आहे का ते पाहावं लागतं. डिनी संघाच्या सगळ्या फ्री, म्हणजे मोकळे फटके, घ्यायचा. मॅलकी गोलसमोर कपाटासारखा उभा राहायचा, आणि जुन्या कपाटापेक्षा बराच भक्कम.

यात अडचण कधी आली नव्हती, कारण तेवीस वर्षांत संघ जिल्हा स्पर्धेत पहिल्या फेरीपुढं गेला नव्हता. दर जुलैच्या पहिल्या रविवारी पोरं रंगीत जर्सी घालून जात, हरून येत, आणि सोमवारी सकाळी हातात हातोडा घेऊन कामाला लागत. सगळ्या गावाचं वेळापत्रक त्यावर बसलेलं होतं. लग्नं, गवताची कापणी, छपरं, सगळं 'मॅचनंतर'. दुसऱ्या गावांत पंचांग असतं, किलाड्रमला पहिली फेरी होती.

"रविवारी मॅच आहे, मिसेस टूही," डिनी म्हणाला. "शुक्रवारी सगळं फोडून ठेवतो. सोमवारपासून आम्ही मोकळेच."

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, जणू रविवारी मॅच नसून दाढ काढायची होती.

शुक्रवारी फोडलं. कपाटं अंगणात, सिंक गुलाबाच्या झाडाजवळ, फरशी कुठंच नाही. मॅलकीनं आपलं सुतारकामाचं लांब टेबल आणून मधोमध उभं केलं. कन्सेप्टानं दारात उभं राहून छातीवर क्रूस केला आणि सोमवारची वाट पाहायला लागली.

रविवारी किलाड्रम जिंकलं.

कसं जिंकलं हे फिन्टननं त्या संध्याकाळी चार वेळा सांगितलं. मॅलकीनं आपल्या गोलपासून चेंडू नुसता दूर भिरकावला होता. तो ऐंशी यार्ड हवेत गेला, समोरच्या गोलकीपरच्या डोळ्यांत ऊन आलं, चेंडूनं टप्पा घेतला आणि सरळ जाळ्यात. फिन्टनच्या डोळ्यांत पाणी होतं. "कन्सेप्टा, तेवीस वर्षं!" तो म्हणाला. "तेवीस!"

"सोमवारी किती वाजता येणारेत?" कन्सेप्टानं विचारलं.

"कोण?"

सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारी डिनी फाटकाशी आला, पण गाडीतून उतरला नाही. काच खाली केली.

"मास्तरांनी बंद केलंय, मिसेस टूही."

मास्तर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक क्विलिगन, संघाचे प्रशिक्षक. जिंकण्याची सवय नसल्यामुळे त्यांच्या डोक्यात वारं शिरलं होतं. पुढच्या मॅचपर्यंत कुणी शिडीवर चढायचं नाही, डोक्याच्या वर वजन उचलायचं नाही आणि गुडघ्यावर बसून काम करायचं नाही, असा हुकूम त्यांनी काढला होता.

"गुडघ्यावर बसायचं नाही तर पाइप कसे बसवणार?"

"तेच ना."

"आणि चर्चमध्ये?"

"विचारलं मी. एका गुडघ्यावर चालेल म्हणाले."

पुढची फेरी तीन आठवड्यांवर होती. कन्सेप्टानं पीट, म्हणजे जळणाची वाळकी माती, ठेवायच्या शेडमध्ये गॅसची एक शेगडी मांडली. भांडी न्हाणीघरात, आंघोळीच्या टबात. जिला खिडकीतून गल्ली पाहायची होती, ती बाई आता दिवसातून तीनदा टबाशी गुडघे टेकून शाम्पूची बाटली पाहत होती. बटाट्यांची सालं टबाच्या भोकात अडकायची, मग फिन्टन ती विणकामाच्या सुईनं काढायचा आणि काढता काढता संघाची चर्चा करायचा. कन्सेप्टाला कुठं बसवेना. बसायला स्वयंपाकघर नसलं की बाईला घरात जागाच उरत नाही, हे तिला तेव्हा कळलं. ती शेडमधून न्हाणीघरात, न्हाणीघरातून अंगणात, अंगणातून गल्लीत जायची आणि गल्लीत कशाला आलो ते न आठवून परत यायची.

तिचे रोजचे नेम पक्के होते. पहाटे सहाला रोझरीचा जप, शुक्रवारी मांस नाही, चहात साखर नाही. त्यात आता, हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संत अँथनीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, आली. पहिल्या दिवशी तिनं सभ्यपणे मागितलं, की जे योग्य असेल ते घडो. चौथ्या दिवशी म्हणाली, जे योग्य असेल ते जरा लवकर घडो. नवव्या दिवशी टबाशी गुडघे टेकलेले असताना, हातात बेकनची चिकट कढई घेऊन, ती स्पष्टच बोलली. "हरू दे त्यांना."

बोलली मात्र, आणि तिचे हात पाण्यात थांबले. स्वतःच्या गावासाठी कुणी देव पाण्यात घालतं, ते जिंकावं म्हणून. तिनं घातले होते ते उलट्या बाजूनं.

शनिवारी ती कन्फेशनला, पाप कबूल करायला, गेली. जाळीपलीकडं फादर लॅली होते. फादर गावचे धर्मगुरू, आणि त्याच बरोबर संघनिवड समितीचे सदस्यही. किलाड्रममध्ये हे कुणाला वावगं वाटत नसे. पंधरा माणसं निवडायची तर त्यांची पापं माहीत असलेला माणूस हवाच.

"फादर, मी आपला संघ हरावा म्हणून प्रार्थना केली."

जाळीपलीकडं खुर्ची करकरली.

"किती वेळा?"

"नऊ दिवस, फादर. रोज तीनदा."

"म्हणजे दुसऱ्या फेरीसाठी."

"हो."

"सेमिफायनलबद्दल काही मागितलं नाहीस ना?"

"तिथवर जातील असं वाटलं नव्हतं, फादर."

फादरांनी एक लांब श्वास घेतला. पुढं जे प्रायश्चित्त त्यांनी दिलं ते धर्मगुरू म्हणून दिलं की निवड समिती म्हणून, याबद्दल कन्सेप्टाच्या मनातली शंका शेवटपर्यंत गेली नाही. संघ स्पर्धेतून बाहेर पडेपर्यंत रोज सकाळी संघासाठी 'नमो मारिया' प्रार्थनेचे दहा जप, आणि प्रत्येक मॅचला मैदानावर हजेरी.

"आणि मनापासून," फादर म्हणाले.

"मन लागलं नाही तर?"

"ओठांनी सुरू कर. मन गाढवासारखं असतं. उशिरा येतं, पण मागून येतं."

आता पेच असा पडला. जप ती चुकवणार नव्हती, नेमाची बाई. आणि तिनं जप सुरू केल्यापासून संघ हरेना! दुसरी फेरी बालीनारा गावाच्या संघाशी बरोबरीत सुटली. बरोबरी म्हणजे पुन्हा मॅच, पुन्हा दोन आठवडे. पुन्हा झालेल्या मॅचमध्ये किलाड्रम चार पॉइंटनी जिंकलं. दर वेळी कन्सेप्टा मैदानाच्या कडेला उभी, या पायावरून त्या पायावर होत, खिशात जपमाळ, डोळ्यांसमोर उघडा पाइप. डिनी धावताना तिला त्याचे गुडघे दिसत आणि ती मनात म्हणायची, हे गुडघे माझ्या फरशीवर हवे होते.

"तू हल्ली मॅचला!" फिलोमिना म्हणाली. "घरी बसवत नसेल ना गं? मला तर कल्पनाच करवत नाही. माझं म्हणशील तर पाहुण्यांनी टबात घासलेल्या कपात चहा प्यायला नसता."

"टब घासलेला असतो," कन्सेप्टा म्हणाली. एवढंच तिला सुचलं. खरं चांगलं उत्तर तिला तीन दिवसांनी शेडमध्ये सुचलं, पण तेव्हा समोर फक्त पीट होता.

मग बालीनाराच्या क्लबनं हरकत घेतली.

किलाड्रमचा एक खेळाडू ओढ्याच्या पलीकडं राहतो, म्हणजे तो दुसऱ्या पॅरिशचा, दुसऱ्या चर्चच्या हद्दीतला, म्हणून किलाड्रमचा विजय रद्द करावा, असा अर्ज जिल्हा मंडळाकडं गेला. खेळाडूनं आपल्याच पॅरिशसाठी खेळायचं, यापेक्षा मोठा नियम या खेळात नाही. आणि ओढ्याचं म्हणणं खरं होतं. ओढ्यानं सत्तर साली पात्र बदललं होतं आणि त्या पोराचं घर न हलता पलीकडं गेलं होतं.

अर्ज लिहिला होता बालीनाराच्या सेक्रेटरी बाईंनी, असम्प्टानं. असम्प्टा म्हणजे कन्सेप्टाची सख्खी धाकटी बहीण, लग्न होऊन तिकडं गेलेली आणि तिकडचीच झालेली. कन्सेप्टानं हरकत मागितली नव्हती. प्रार्थना केली नव्हती, इच्छाही केली नव्हती. ती आपणहून आली होती. आपणहून आलेली गोष्ट नाकारणं म्हणजे उद्धटपणा, असं तिनं ठरवलं, आणि मंडळाच्या बैठकीच्या दिवशी ती हलक्या पावलांनी फिरत होती. तिनं डिनीच्या बायकोला फोन करून सहजच विचारलं, की बुधवारी तो मोकळा असतो का.

फिन्टन बैठकीहून परतला तो दारातूनच हसत.

"तीन मिनिटांत फेटाळली!"

"ओढ्याचं काय झालं?"

"ओढ्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. चेअरमननी अर्ज घेतला, दिव्यासमोर धरला आणि परत दिला. आयर्लंडमध्ये बनलेला कागदच नव्हता तो."

हा नियमही जुना आणि पक्का. हरकतीचा अर्ज देशातल्याच कागदावर हवा, दिव्यासमोर धरला की आतला शिक्का दिसायला हवा. परक्या कागदावर तक्रार करणाऱ्याचं गाऱ्हाणं कितीही खरं असो, मंडळाला ते ऐकूच येत नाही.

"असम्प्टानं कुठला कागद घेतला?" कन्सेप्टानं विचारलं.

"कडेनं जांभळी फुलं होती म्हणे. वासही येत होता. चेअरमन म्हणाले, उभ्या आयुष्यात इतकी सुगंधी हरकत पाहिली नाही."

ते लेटरपॅड कन्सेप्टानं लूर्दच्या यात्रेहून आणलं होतं. फ्रान्सचा कागद. धाकट्या बहिणीला नाताळात दिला होता, वर मदर मारियाचं चित्र होतं म्हणून.

भिंतीवरचा फोन वाजला. फोन तेवढा भिंतीवर उरला होता.

"झालं समाधान?" असम्प्टा ओरडली. "मुद्दाम दिलंस ते लेटरपॅड! नाताळातच ठरवलं होतंस!"

"अगं, असम्प्टा, नाताळात मला काय माहीत..."

"साधी, साधी म्हणता म्हणता सगळ्यांत पोचलेली निघालीस तू. आई नेहमी म्हणायची."

"आई असं कधी म्हणाली?"

"माझ्याजवळ म्हणायची!" आणि फोन आपटला.

गावात मात्र कन्सेप्टाचा भाव वधारला. मॅलकीनं रस्त्यात टोपी काढली. मास्तर क्विलिगन म्हणाले, "मिसेस टूही, हे डोकं आम्हाला समितीवर हवं." कन्सेप्टाला मिळू नये ते सगळं मिळत होतं. फरशी तेवढी मिळत नव्हती.

सेमिफायनलही जिंकली. तिचं वर्णन फिन्टननं सहा वेळा केलं. इथं एकदाही करत नाही.

फायनल ठरली ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी. मिस्सा त्याच्या आधीच्या गुरुवारी. कन्सेप्टा फादरांकडं गेली, तारीख पुढं ढकलता येते का विचारायला. फादरांनी वही उघडली, तेरा घरांची यादी दाखवली आणि सांगितलं, की कन्सेप्टाचं घर हललं तर फ्लॅनरींचं हलेल, फ्लॅनरींचं हललं तर त्यांची सून बाळंत होईल त्या आठवड्यात येईल. "एक वीट काढली की सगळं खाली येतं," फादर म्हणाले. कन्सेप्टाला हे नव्यानं सांगायची गरज नव्हती.

मिस्सेला तीन दिवस उरले असता फिलोमिना बाजूच्या फाटकानं आत आली. तिनं स्वयंपाकघराकडं पाहिलं, हात छातीशी नेला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "कन्सेप्टा, माझ्याकडंच घे की मिस्सा. लोकांना सांगू, तुला बरं नव्हतं."

एखाद्या बाईनं दुसरीला याहून मोठा घाव घातलेला किलाड्रममध्ये कुणाला ठाऊक नाही. कन्सेप्टाचे कान तापले. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली, "मला अगदी बरं आहे, फिलोमिना. गुरुवारी साडेसातला. आणि येताना स्वतःची खुर्ची आण."

गुरुवारी संध्याकाळी बेचाळीस माणसं मातीवर उभी होती. भिंती उघड्या, छताच्या जागी वासे, खिडकीखाली पाइपाचं एक टोक चिंधी कोंबून उभं. टेबल असं एकच होतं, मॅलकीचं, करवतीच्या खुणांनी भरलेलं. त्यावर कन्सेप्टानं आपल्या लग्नातली लिननची चादर घातली होती. फादरांनी मेणबत्त्या ठेवल्या आणि चादरीखालून हात फिरवला. बोटाला लागलेला भुसा पाहून ते क्षणभर थांबले, आणि तो भुसा त्यांनी झटकला नाही.

सगळा संघ आला होता. मोठी मोठी माणसं, शरमेनं भिंतीला टेकून. आपण फोडलेलं घर त्यांनी दिव्यात प्रथमच पाहिलं होतं. मॅलकीची मान इतकी खाली गेली होती, की शाळेत मास्तरांनी कान धरला असेल तेव्हाही गेली नसेल. डिनी चिंधी कोंबलेल्या पाइपासमोर मुद्दाम उभा होता, कुणाला दिसू नये म्हणून.

मिस्सा सुरू करण्यापूर्वी ती कशासाठी अर्पण करायची, हा हेतू फादर यजमानिणीला विचारतात. कन्सेप्टानं आईवडलांच्या आत्म्यासाठी म्हणायचं ठरवलं होतं, तेच तर सगळे म्हणतात.

"आजची मिस्सा कोणत्या हेतूनं, कन्सेप्टा?" फादरांनी विचारलं, आणि सरळ तिच्याकडं पाहिलं.

तिनं भिंतीशी उभ्या त्या पंधरा माणसांकडं पाहिलं. या पोरांची नाकं तिनं पुसली होती, यांच्या पहिल्या कम्युनियनला केक केले होते.

"रविवारसाठी, फादर," ती म्हणाली.

"आमेन!" सगळे एकदम म्हणाले. सर्वांत मोठ्यानं फिलोमिना.

फादर म्हणाले ते गाढव अखेर येऊन पोचलं होतं.

रविवारी जिल्ह्याच्या गावी मैदान गच्च भरलं. कन्सेप्टा गोलच्या मागं, तारेला बोटं अडकवून उभी. बसायला जागा होती, पण बसवेल कुणाला? पहिल्या अर्ध्यात किलाड्रम सात पॉइंटनी मागं, दुसऱ्यात ते सगळे भरून काढले, मग पुन्हा एकानं मागं. शेजारचा अनोळखी म्हातारा तिला म्हणाला, "बाई, माझी बाही सोडाल का?" तिनं सोडली आणि दोन मिनिटांनी पुन्हा धरली.

शेवटचं मिनिट. किलाड्रमला फ्री मिळाली, पासष्ट यार्डांवरून, जरा उजवीकडं. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला तर एक पॉइंट, म्हणजे बरोबरी आणि पुन्हा मॅच. पुन्हा मॅच म्हणजे आणखी तीन आठवडे टब, शेगडी आणि विणकामाची सुई, हे कन्सेप्टाला पूर्ण ठाऊक होतं. डिनीनं चेंडूजवळ उभं राहून एकदा वर पाहिलं. हर्लीनं चेंडू उचलला आणि मारला.

"जा रे!" कन्सेप्टा ओरडली. बावीस वर्षं ती कुणावर ओरडली नव्हती. "जा! जा आत, माझ्या राजा!"

चेंडू वर गेला, सरळ गेला, आणि मग वाऱ्यानं त्याला एक बोट लावलं. तो खांबाच्या बाहेरून गेला, कन्सेप्टाच्या डोक्यावरून. पंचांनी 'बाहेर' म्हणून हात पसरले. शिट्टी वाजली.

डिनी हर्लीवर रेलून तिथंच उभा राहिला. म्हाताऱ्यानं आपली बाही आपणहून कन्सेप्टाच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी आठ वाजता तिघं दारात हजर. डिनी, मॅलकी आणि गिलाव्याला गोलकीपर. कुणी शीळ घातली नाही, रेडिओ लावला नाही. मॅलकीनं कपाटं अशी बसवली, की दार लावलं तर हवेचा उसासा तेवढा ऐकू यावा. बुधवारी दुपारपर्यंत फरशी झाली, छत झालं, गिलावा असा गुळगुळीत की हात फिरवावा. किलाड्रममध्ये इतकं सुरेख काम कधी झालं नव्हतं. दुःखी माणसं पाना नीट फिरवतात. मिस्सा होऊन गेलेली, पुढची तेरा वर्षांनी. आणि कन्सेप्टाला आपल्या नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात पाच मिनिटं उभं राहवेना.

तिला पोखरणारी गोष्ट अशी होती. पाप तिनं कबूल केलं होतं. प्रायश्चित्त एक दिवस न चुकवता केलं होतं. पण जुलैतली ती प्रार्थना? ती मागं घेते, असं कुठं म्हटलं होतं तिनं? नऊ दिवस, रोज तीनदा. वर कुठंतरी ती अजून पडून असणार. संत अँथनीकडं हरवलेल्या वस्तूंची केवढी गर्दी, उशीर होणारच. आणि मग नेमकी त्या पासष्ट यार्डांवर...

डिनी सिंकखाली पाठीवर पडून शेवटचा जोड बसवत होता. बाहेर फक्त त्याचे पाय. कन्सेप्टा त्या पायांशी नव्या फरशीवर बसली.

"डिनी."

"हं, मिसेस टूही."

"तो चेंडू तुझ्यामुळं बाहेर नाही गेला."

पाना थांबला.

"मी जुलैत नोव्हेना केली. तुम्ही हरावं म्हणून. या सिंकपायी. नंतर रोज जप केला, रविवारी तर जीव तोडून केला, पण ते आधीचं... ते मी रद्द करायला विसरले, डिनी."

पाय थोडे हलले.

"तुम्ही सातव्या," डिनी म्हणाला.

"काय?"

"काल मिसेस गेराटींनी रस्त्यात गाडी अडवली. रडत होत्या. त्यांचं मागचं छप्पर जूनपासून ताडपत्रीवर आहे."

"फिलोमिना? गुरुवारी तर आमेन केवढ्यानं म्हणाली!"

"म्हणूनच तेवढ्यानं. त्याआधी फ्लॅनरीबाई, बाथरूम. हॅनलींच्या दोघी सुना, एकच जिना, अर्धा. माझी सासू तर सांगायलासुद्धा आली नाही, चिठ्ठी पाठवली. आणि आज सकाळी फादर."

"फादर लॅली?"

"त्यांचा बॉयलर मी मेमध्ये उघडून ठेवलाय. एकदाच म्हणे, सेमिफायनलच्या सकाळी, थंड पाण्यानं दाढी करताना. तोंडातून निघून गेलं म्हणाले."

डिनी कोपरांवर सरकत सिंकखालून बाहेर आला. तोंडाला काळं लागलेलं, डोळे तीन दिवसांत पहिल्यांदाच उघडल्यासारखे.

"मी मोजत होतो आत पडून," तो म्हणाला. "निम्मं गाव देवाकडं आमच्या विरुद्ध अर्ज टाकून बसलेलं, त्यात धर्मगुरूसुद्धा. आणि आम्ही हरलो किती पॉइंटनी? एक! मिसेस टूही, काय टीम असेल ही, विचार करा!" आणि तो पुन्हा आत सरकला. आतून त्याचा हात तेवढा बाहेर आला. "तो लहान पाना द्या बघू."